पोर घरात मेलं, चोर पालावर शोधला



मी चौथीत होते तेव्हाची गोष्ट आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलंय. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आमची आठ पालं एका गावाबाहेर ओढ्याकाठी पडली होती. आम्ही नाथपंथी डवरी गोसावी. बा आणि चुलता सकाळी भगवे कपडे घालून, झोळी अडकवून भिक्षेला जायचे आणि दुपार कलली की परतायचे. त्या दिवशी गावातलं पाच वर्षांचं एक पोरगं संध्याकाळी घरी आलं नाही. रात्री नऊच्या सुमाराला बॅटऱ्या घेऊन माणसं आमच्याकडे आली. पोराच्या घरच्यांनी सांगितलं होतं की भगव्या कपड्यातले दोघं दारात आले होते, पोरगं त्यांच्या मागं मागं गेलं आणि मग दिसलंच नाही. पालं उपटली गेली. झोळ्या उलट्या केल्या गेल्या. मातीत सांडलेलं पीठ आईने दुसऱ्या दिवशी वरवरचं उचलून चाळलं. मग पोलिसांची गाडी आली आणि बा, चुलता आणि शेजारच्या पालातला एक म्हातारा अशा तिघांना घेऊन गेली.

तीन रात्री ते आत होते. चौथ्या दिवशी पोरगं त्यांच्याच मळ्यातल्या पडक्या विहिरीत सापडलं. घरातल्याच एकाने रागाच्या भरात हात उचलला, मार वर्मी बसला, पोर गेलं. आणि घरातल्या मोठ्या माणसांनी मिळून ठरवलं की पोर पळवलं गेलं असं सांगायचं.

आमच्या तिघांना सोडताना ठाण्यातून कसलाही कागद मिळाला नाही, कारण धरतानाही कागद केलेला नव्हता. उलट दम मिळाला की दिवस उजाडायच्या आत पालं हलवा. बाला डाव्या कानाने ऐकू येत नाही ते तेव्हापासून. माझं त्या शाळेतलं नाव तिथंच सुटलं आणि चौथी पुढच्या वर्षी दुसऱ्या जिल्ह्यात पुन्हा करावी लागली. गावातलं कुणीही, अगदी ज्यांच्या दारात बा वर्षानुवर्षं भिक्षेला जायचा त्यांच्यापैकीही कुणी, चुकलं म्हणायला आलं नाही.

अशी बातमी आली की लोक एकच प्रश्न विचारतात: घरचीच माणसं असं कसं करू शकतात? टीव्हीवर मानसोपचारतज्ज्ञ बोलावले जातात, आईचं दूध, बापाचं काळीज यावर चर्चा होते. मला त्या प्रश्नात फार रस नाही. घाबरलेला माणूस काहीही बोलतो. माझा प्रश्न वेगळा आहे. त्या घराने सांगितलेली गोष्ट अख्ख्या गावाला आणि पोलीस ठाण्याला तासाभरात खरी कशी वाटली? कुणीच कसं विचारलं नाही की ते दोघं किती वाजता आले, कुठल्या बाजूने गेले, पोराला आणखी कुणी पाहिलं का?

एम.ए.ला असताना मी अमेरिकेतली एक केस वाचली आणि ओढ्याकाठची ती रात्र पुन्हा डोळ्यासमोर आली. २५ ऑक्टोबर १९९४. साउथ कॅरोलिना राज्यातलं युनियन हे छोटं गाव. सुझन स्मिथ नावाच्या २३ वर्षांच्या गोऱ्या बाईने पोलिसांना सांगितलं की सिग्नलला गाडी थांबली असताना एक कृष्णवर्णीय माणूस बंदूक दाखवून आत शिरला, पुढे तिला उतरवलं आणि मागच्या सीटवरच्या दोन मुलांसकट गाडी घेऊन पळाला. एक मुलगा तीन वर्षांचा, दुसरा चौदा महिन्यांचा. पोलिसांनी तिच्या वर्णनावरून त्या माणसाचं चित्र काढलं, डोक्याला विणलेली टोपी असलेलं, आणि ते देशभर दाखवलं गेलं. ती टीव्हीवर येऊन मुलांना परत करा म्हणून रडत होती. नऊ दिवस त्या भागातल्या काळ्या पुरुषांकडे संशयाने पाहिलं गेलं, त्यांची चौकशी झाली. ३ नोव्हेंबरला तिने कबूल केलं की गाडी तिनेच गावाजवळच्या जॉन डी. लाँग तलावात उतारावरून सोडून दिली होती, मुलं आतच होती. काळा माणूस कधी नव्हताच.

त्या केसमधला एक तपशील मी विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमी सांगते. तिने ज्या चौकाचं नाव घेतलं, तिथला सिग्नल आडव्या रस्त्यावर गाडी आली तरच लाल व्हायचा. आणि ती तर म्हणत होती की आजूबाजूला दुसरी एकही गाडी नव्हती. म्हणजे सिग्नल लाल झाला कसा? शेरीफच्या लोकांना संशय आला होता, त्यांनी तिची उलटतपासणीही चालू ठेवली. पण टोपीवाल्या माणसाचं चित्र तोवर घरोघरी पोचलं होतं. कबुलीनंतर तिच्या भावाने कृष्णवर्णीय समाजाची जाहीर माफी मागितली. तिला १९९५ मध्ये जन्मठेप झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिने पॅरोल मागितला, तो नाकारला गेला.

या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग कमी सांगितला जातो. सुझनच्या सावत्र वडिलांनी ती शाळकरी वयाची असताना तिचं लैंगिक शोषण केलं होतं. ती तेव्हा बोलली होती, पण प्रकरण दाबलं गेलं. हा माणूस रिपब्लिकन पक्षाचा स्थानिक पुढारी आणि ख्रिश्चन संघटनेचा कार्यकर्ता होता. खटल्यात त्याने स्वतः हे मान्य केलं. म्हणजे धोका त्या घरातच बसून प्रार्थना म्हणत होता, आणि पोलीस टोपीवाल्या काळ्या माणसाला रस्त्यावर शोधत होते. याने तिचा गुन्हा कमी होत नाही. पण ‘बाहेरचा येऊन आमचं वाटोळं करतो’ हे सांगायची सवय त्या घराला आधीपासून होती का, असा प्रश्न मला पडतो.

कॅथरीन रसेल-ब्राऊन या कायद्याच्या कृष्णवर्णीय अभ्यासक बाईंनी १९९८ च्या त्यांच्या ‘द कलर ऑफ क्राइम’ या पुस्तकात १९८७ ते १९९६ या काळातल्या अशा ६७ घटना जमवल्या. कुणीतरी गुन्हा रचला किंवा स्वतः केला आणि वंशावर बोट ठेवून दुसऱ्याच्या अंगावर ढकलला. त्यांनी त्याला नाव दिलं ‘रेशियल होक्स’, वंशाच्या नावाने केलेला बनाव. यातल्या बहुतेक घटनांमध्ये बोट दाखवणारा गोरा आणि ज्याच्याकडे दाखवलं तो काळा. बाईंचं म्हणणं असं की ही लबाडी एका माणसाविरुद्ध नसते, ती अख्ख्या समाजाविरुद्धचा गुन्हा आहे आणि कायद्याने तिची तशी वेगळी दखल घेतली पाहिजे.

आपल्याकडे या बनावाला नावच नाही. नाव नाही म्हणून आकडाही नाही. नॅशनल क्राइम रेकॉर्ड्स ब्युरो अपहरणाचे गुन्हे मोजतो. पण अपहरणाचा बनाव करून कुठल्या जातीच्या, कुठल्या जमातीच्या माणसांना किती रात्री आत ठेवलं, हा रकाना कुठल्याच तक्त्यात नाही.

आणि आपल्याकडे टोपीवाल्याचं चित्र काढायला पोलिसांची गरजही पडत नाही. ते प्रत्येक घरात आधीच काढलेलं असतं. ‘जेव, नाहीतर गोसावी झोळीत घालून नेईल.’ ‘रडू नको, पारधी येईल.’ दोन-तीन वर्षांच्या लेकराला भात भरवताना आया हे सहज बोलतात. विद्यापीठात माझ्या शेजारच्या खोलीतली मुलगी, चांगली आंबेडकरी घरातली, फोनवर भाच्याला असंच काहीतरी म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. मी काही बोलले नाही. बोलायला हवं होतं. या एका वाक्यावर वाढलेलं पोर मोठं होऊन फौजदार झालं, पत्रकार झालं, सरपंच झालं, तर पालावर बॅटऱ्या घेऊन जायला त्याला पुराव्याची काय गरज? इंग्रजांनी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणून जन्माने गुन्हेगार ठरवायची सोय केली. ३१ ऑगस्ट १९५२ ला त्या यादीतल्या जमाती कागदोपत्री मुक्त झाल्या. माझी जमात भटक्यांत मोडते, विमुक्तांत नाही. पण रात्री दहा वाजता पालावर आलेला शिपाई हा फरक करत नाही.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढ्याकडची पाच माणसं, माझ्याच जमातीची, भिक्षा मागत तिथं गेली होती. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘पोरं पळवणारी टोळी आलीय’ हे दिवसरात्र फिरत होतं. त्या पाचांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्या दिवशी राईनपाड्यात एकही पोर हरवलेलं नव्हतं. आमच्या आजीला ती बातमी मी वाचून दाखवली नाही, तिने दुसऱ्याच्या मोबाईलवर पाहिली.

त्या महिन्यांत देशभर जो व्हिडिओ फिरत होता, त्याची गोष्ट तर याहून विचित्र आहे. मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या पोराला उचलतात, असा तो व्हिडिओ. तो मुळात कराचीतल्या एका हेल्पलाईनने मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेल्या जाहिरातीचा तुकडा होता. मूळ फिल्ममध्ये ते दोघं पोराला लगेच परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. शेवट कापून टाकला आणि ‘आपल्या भागात घडलेलं’ म्हणून पुढे पाठवलं. अपहरणाचा बनाव पुन्हा एकदा खरा ठरला, आणि पुन्हा परक्या, गरीब, फिरस्त्या माणसाच्या डोक्यावर फुटला.

इथं थांबून एक कडू गोष्ट मान्य करावी लागते. राईनपाड्याचा जमाव सवर्णांचा नव्हता. तो आदिवासी भाग आहे. मला एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी हेच ऐकवलं होतं: ‘बघा, यात जातीचा काय संबंध? अडाणीपणा आहे.’ मी त्यांना विचारलं, झोळीवाला पोरं पळवतो ही कल्पना त्या पाड्याला कुणी शिकवली? आदिवासींनाही याच राज्याने, याच पोलिसांनी पिढ्यान् पिढ्या चोर म्हणून धरलं. खालच्या पायरीवर उभ्या असलेल्याला आणखी खाली कुणीतरी लागतो, हे बाबासाहेबांनी श्रेणीबद्ध विषमतेबद्दल जे सांगितलं त्याचंच हे रूप आहे. म्हणून राईनपाड्याबद्दल मला राग येतो तसा शरमेचाही वाटा उचलावा लागतो. आमच्या पालावरही ‘अमक्या लोकांपासून पोरं सांभाळा’ असं म्हणतातच.

आणि हे फक्त भारतातलं नाही. ऑक्टोबर २०१३ मध्ये ग्रीसमधल्या फार्साला इथं रोमा या भटक्या समाजाच्या वस्तीत सोनेरी केसांची एक लहान मुलगी सापडली. जगभरच्या माध्यमांनी ठरवून टाकलं की ती गोऱ्या घरातून पळवलेली आहे. डीएनए तपासणीत तिचे जन्मदाते बल्गेरियातलं गरीब रोमा जोडपं निघालं. त्याच आठवड्यात आयर्लंडमध्ये पोलिसांनी दोन रोमा घरांतून दोन गोरी दिसणारी मुलं उचलून नेली. दोन्ही मुलं त्यांच्याच आईबापांची निघाली आणि परत करावी लागली. भटका माणूस पोर पळवतो यावर युरोपही किती पटकन विश्वास ठेवतो बघा.

आता उलट बाजू बघू. जेव्हा खरोखर पोरं नाहीशी होतात आणि आईबाप गरीब असतात, तेव्हा काय होतं? नोएडातलं निठारी. वस्तीतली मजुरांची पोरं एकामागून एक गायब होत होती. आईबाप चौकीवर चकरा मारत राहिले, तक्रारी झटकल्या गेल्या. २९ डिसेंबर २००६ ला नाल्यातून सांगाडे निघाले तेव्हा देशाला कळलं. पुढे सतरा वर्षांनी अलाहाबाद उच्च न्यायालयाने तपासावर ताशेरे ओढत दोन्ही आरोपींना निर्दोष ठरवलं. म्हणजे त्या आईबापांना सुरुवातीला कुणी ऐकलं नाही, आणि शेवटी न्यायही मिळाला नाही. १० मे २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने ‘बचपन बचाओ आंदोलन’ खटल्यात आदेश दिला की हरवलेल्या प्रत्येक मुलाबाबत एफआयआर नोंदवा आणि सुरुवातीला अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरा. आदेश चांगला आहे. पण पालावरची बाई पोर हरवलं म्हणून ठाण्यात गेली तर आजही आधी तिलाच विचारतात, ‘विकलंस का?’

म्हणून माझं म्हणणं ‘आधी आईबापावर संशय घ्या’ असं नाही. तसं झालं तर सगळ्यात आधी मार खाणार पुन्हा आमचीच माणसं. मी म्हणते की गोष्ट कोण सांगतंय यावर तिचं खरेपण ठरवू नका. पक्क्या घरातल्या, शेतीवाडीच्या, आडनावाच्या माणसाची खोटी गोष्ट तासाभरात खरी होते आणि पालावरच्या माणसाची खरी गोष्ट दोन वर्षं खोटी राहते. याला तपास म्हणत नाहीत.

कायद्याकडे बघितलं तर काय दिसतं? पुरावा नष्ट करणं हा गुन्हा आहे. पोलिसांना खोटी माहिती देऊन दुसऱ्याला त्रास होईल असं करणं, भारतीय न्याय संहितेचं कलम २१७, हाही गुन्हा आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(क्यू) मध्ये तर स्पष्ट आहे की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला त्रास व्हावा अशी खोटी माहिती सरकारी नोकराला देणं हा अत्याचार आहे. पण माझा बा महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे. तो अनुसूचित जातीत नाही, जमातीतही नाही. त्याला हा कायदा लागूच होत नाही. शिवाय बनाव करणारा माणूस हुशार असतो, तो कुणाचं नाव घेत नाही. ‘भगव्या कपड्यातले दोघं’ एवढंच म्हणतो. नाव नाही म्हणजे फिर्यादी नाही. खून उघड झाला की खटला खुनाचा चालतो, आणि त्या दोन वाक्यांमुळे ज्यांची पालं उपटली ते साक्षीदार म्हणूनही कुठे दिसत नाहीत.

बदल अशक्य आहे असं नाही. बॉस्टनमध्ये १९८९ साली चार्ल्स स्टुअर्ट नावाच्या माणसाने स्वतःच्या गरोदर बायकोला गोळी घातली आणि काळ्या लुटारूने केलं म्हणून सांगितलं. यात अपहरण नव्हतं, लुटीचा बनाव होता. बाई गेली, शस्त्रक्रिया करून काढलेलं बाळही सतरा दिवसांनी गेलं. पोलिसांनी मिशन हिल ही काळ्यांची वस्ती उलथीपालथी केली. शेवटी खरं उघड झालं, स्टुअर्टने पुलावरून उडी मारली. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, चौतीस वर्षांनी का होईना, त्या शहराच्या महापौरांनी संशयित म्हणून धरलेल्या दोन कृष्णवर्णीय पुरुषांची आणि त्यांच्या घरच्यांची जाहीर माफी मागितली. मला आपल्याकडे अशी एक माफी दाखवा. एका पोलीस अधीक्षकाने पालावर येऊन, खुर्ची न मागता, चटईवर बसून मागितलेली.

माझ्या मागण्या साध्या आहेत. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण भटक्या-विमुक्तांना द्या. अपहरणाचा बनाव उघड झाला की त्या बनावामुळे ज्यांना उचललं, मारलं, हाकललं त्यांची नोंद त्याच गुन्ह्याच्या कागदात झाली पाहिजे आणि नुकसानभरपाई मिळाली पाहिजे. संशयावरून नेलेल्या प्रत्येक माणसाची ठाण्यात नोंद झाली पाहिजे. ही तर आजही कायद्याने सक्तीची आहे, फक्त आमच्यासाठी पाळली जात नाही.

आणि तुम्हाला, म्हणजे माझ्यासारख्याच घरातल्या पहिल्या पदवीधरांना, एक सांगते. ‘सावधान, टोळी फिरतेय’ हा मेसेज आपल्याच भावकीच्या ग्रुपवर येतो. पाठवणारा मामा असतो, काका असतो, त्यांना उलट बोलणं जड जातं. मलाही जातं. गेल्या वर्षी मी आमच्या ग्रुपवर पहिल्यांदा लिहिलं, ‘काका, हे खोटं आहे, असल्या मेसेजवरून राईनपाड्याला आपली माणसं मेली.’ काकांनी अंगठा दाखवला. दोन दिवसांनी दुसरा मेसेज पाठवला. मी पुन्हा तेच लिहिलं.

हे लिहायच्या आधी मी बाला विचारलं. त्याचं वय झालंय, पण पावसाळा सरला की तो अजून फिरतीवर जातो. तो म्हणाला, लिही, पण गावाचं नाव टाकू नको, अजून तिकडून जावं लागतं. मग थोड्या वेळाने म्हणाला, त्या पोराचंही नाव टाकू नको, त्याचा काय दोष. बा आता भिक्षेला गेला की लेकरं झोळी बघायला जवळ आली तर दोन पावलं मागे सरतो आणि हात पाठीमागे घेतो.